बोलता न येणारे दुःख आणि हातांचे काम

प्रश्न : माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान दीड वर्षापूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेले. ती समुपदेशनाला जाऊ लागली, पण पहिल्या काही सत्रांत ती जवळजवळ काहीच बोलली नाही. आता तिथल्या समुपदेशक तिला माती, रंग आणि जुने कापड देतात. घरातले म्हणतात, पैसे मोजून बालवाडीतले खेळ कशाला खेळायचे? हा खरोखर उपचार आहे का? तिचा सात वर्षांचा मुलगा चित्रे काढतो, पण त्यांत काळ्याखेरीज दुसरा रंग नसतो. त्याचा काय अर्थ घ्यावा? शिवाय भाऊजींचे कपडे अजून कपाटात तसेच आहेत आणि त्यांचे काय करायचे यावरून घरात मतभेद आहेत.

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक अट जोडावी लागते. मातीत, रंगात किंवा कापडात स्वतःचा असा कोणताही औषधी गुण नसतो. दुःखात बुडालेल्या माणसाच्या हाती ती वस्तू कोण देते, कोणत्या वेळी देते आणि ती घ्यायची की बाजूला सारायची हे ठरवण्याचा हक्क त्या माणसाकडे राहतो की नाही, यावर तो उपचार की नुसता विरंगुळा हे अवलंबून असते. अपघाती मृत्यूत जोडीदार तर जातोच, पण आपल्या आयुष्यात आपले काही चालते हा भरवसाही त्याच्याबरोबर जातो. एका दुपारी फोन येतो आणि त्यानंतरचे सगळे निर्णय रुग्णालय, पोलीस, नातेवाईक, भटजी आणि बँक घेत राहतात. अशा स्त्रीसमोर ओल्या मातीचा गोळा ठेवून 'याचे काही करा, किंवा करू नका' असे म्हटले, तर फार दिवसांनी तिच्यापुढे अशी एक वस्तू आलेली असते जी तिच्या हाताचे ऐकते. इतक्या वर्षांच्या कामात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटत आली आहे आणि पुढचे बहुतेक सगळे तिला धरूनच लिहीत आहे.

बहीण पहिल्या सत्रांत का बोलली नसेल, याची दोन कारणे संभवतात. पहिले असे की ती आधीच नको तितके बोललेली असते. पोलिसांपुढे, विम्याच्या कागदांसाठी, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या कामी वकिलापुढे आणि भेटायला आलेल्या प्रत्येक पाहुण्यापुढे तिने 'कसे झाले' ते सांगितलेले असते. सांगून सांगून त्या हकिकतीचा जबाब होऊन बसतो. मग समुपदेशकाने 'काय झाले ते सांगा' म्हटले की एक तर तोच जबाब पुन्हा बाहेर पडतो किंवा तोंड मिटते, आणि दोन्ही वेळी तिचे स्वतःचे दुःख आतच राहते.

दुसरे कारण शरीराशी निगडित आहे. १९९६ मध्ये स्कॉट राउच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आघातोत्तर ताणविकार असलेल्या आठ रुग्णांना त्यांच्याच आघाताचे वर्णन ऐकवत त्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन, म्हणजे मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणारी तपासणी, केले. त्या क्षणी बोलण्याशी संबंध असलेल्या ब्रोका क्षेत्रातला रक्तप्रवाह घटलेला आढळला आणि भावना व दृश्यप्रतिमा यांच्याशी संबंधित भागांतला वाढलेला आढळला. आठ जणांच्या अभ्यासावर फार मोठी इमारत उभारू नये हे खरे, परंतु 'डोळ्यांपुढून जात नाही, पण सांगता येत नाही' असे जे आम्ही रोज ऐकतो त्याच्याशी हे निरीक्षण मिळतेजुळते आहे. स्मृती जर चित्र, स्पर्श आणि वास या रूपांत अडकून पडली असेल, तर कामाची सुरुवातही तिथूनच करणे शहाणपणाचे ठरते. शब्द मागाहून येतात.

हात गुंतले की जीभ मोकळी होते, हे आपल्याकडच्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतली कितीतरी दुःखे अशी आहेत की ती कोणा माणसाच्या तोंडावर सांगता आली नसती. त्या बसण्याची रचनाच पाहा. हात खुंट्यावर, नजर पडणाऱ्या पिठावर, मधूनच जात्याच्या तोंडात घास टाकायचा, पहाटेचा अंधार, सोबतीला एखादी जाऊ किंवा शेजारीण. ऐकणारी शेजारी असते, पण ती टक लावून पाहत नसते, आणि ओवी मध्येच थांबली तरी जाते चालू असल्यामुळे ते थांबणे अवघड वाटत नाही. त्या गाण्याने कोणाचा सासुरवास संपला असे मी म्हणणार नाही. पण समोरासमोर दोन खुर्च्या मांडून, डोळ्याला डोळा भिडवून 'आता बोला' म्हणण्यापेक्षा शेजारी बसून दोघींनी काही करत राहणे दुःखी माणसाला अधिक सोयीचे जाते, हे त्या रचनेतून शिकण्यासारखे आहे. म्हणूनच सत्रात मीही हातात मातीचा गोळा घेते. नुसती पाहत बसले तर समोरच्या व्यक्तीला परीक्षेला बसल्यासारखे वाटते.

आता साहित्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण कौशल्य खरे तिथे लागते आणि बाहेरून पाहणाऱ्याला तेच दिसत नाही. सगळी साधने सारखी नसतात. रंगीत पेन्सिल आणि स्केचपेन हातात राहतात, जिथे रेघ ओढावी तिथेच ती उमटते. तेली खडू थोडा पसरतो. जलरंग आपल्या मनाने वाहतात, आणि बोटांनी रंगवायचे रंग तर सगळ्या हाताला माखतात. केगिन आणि लुसेब्रिंक या कलेतून उपचार करणाऱ्या दोघींनी १९७८ मध्ये या सगळ्याची एक शिस्तशीर मांडणी केली आणि पातळ, वाहते साहित्य भावना सैल करते व घट्ट, प्रतिकार करणारे साहित्य त्यांना आवर घालते हे त्यातले सूत्र आजही आमच्या रोजच्या उपयोगाचे आहे. जिचे रडणे थांबतच नाही, रात्रभर जिला दृश्ये दिसत राहतात, तिच्यापुढे पहिल्याच दिवशी जलरंगांची थाळी ठेवणे योग्य नाही. तिला लहान कागद, कडेने आखलेली चौकट आणि पेन्सिल द्यावी. उलट जी अगदी थिजून गेली आहे, जिला काहीच जाणवत नाही असे ती सांगते, तिच्यासाठी मातीचा थंडपणा आणि वजन उपयोगी पडते. तुमच्या बहिणीला माती दिली जात आहे, यावरून तिथल्या ताईंनी असाच काही विचार केला असावा.

मातीतही फरक आहे. गणपतीच्या दिवसांत शाडू सहज मिळते म्हणून पुष्कळ ठिकाणी तीच आणली जाते. शाडू दिसायला सुरेख असते, पण ती लवकर सुकते आणि नीट सांभाळली नाही तर भेगा पडतात. गेल्या आठवड्यात मन लावून केलेल्या आकृतीचा हात या आठवड्यात गळून पडलेला दिसणे, हे ज्याचे माणूस गेले आहे त्याला साधे वाटत नाही. त्यामुळे मला कुंभाराची माती बरी वाटते, आणि अर्धवट राहिलेले काम ओल्या फडक्यात व वरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवण्याकडे मी बारकाईने लक्ष देते. ते काम पुढच्या वेळी जसेच्या तसे परत मिळणे, हा उपचाराचाच भाग आहे.

पहिल्या काही वेळा बहुधा काहीच घडवले जात नाही. माती नुसती दाबली जाते, तिला अंगठ्याने खळगे पाडले जातात, ते बुजवले जातात. मग एखाद्या दिवशी ती पाटावर आपटली जाते, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. गेलेल्या माणसावरचा राग आपल्या घरांत बोलता येत नाही. 'हेल्मेट का घातले नाही', 'रात्री निघू नका म्हटले होते ना', 'माझ्यावर सगळे टाकून गेलात' ही वाक्ये विधवेच्या तोंडी शोभत नाहीत असे सगळ्यांनी ठरवून टाकलेले असते. अशा वेळी उपचारकाने 'तुम्हाला राग आला आहे' असे निदान करू नये. 'जोरात आपटलीत. आणखी माती हवी आहे का?' एवढे पुरते. रागाला त्याचे नाव द्यायचे की नाही आणि कधी द्यायचे, हे तिने ठरवायचे असते. बहुतेक जणी ते देतात, आणि दिल्यावर खूप वेळ बोलतात.

कापडाचे काम याहून संथ असते. एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र केले आहेत आणि तपशील बदलले आहेत. एका मध्यमवयीन बाईंची आई २०२१ च्या करोनाच्या लाटेत गेली. शेवटचे दर्शन झाले नाही, दिवसकार्य धड झाले नाही, नातेवाईक फोनवरच भेटले. बाई सत्राला येताना आईच्या सुती लुगड्यांची पिशवी आणत आणि ती न उघडता परत नेत. तिला हात लावा असे त्यांना कोणी सांगितले नाही. पुढे एके दिवशी त्यांनी स्वतःच पिशवी उघडली, एक लुगडे नाकाशी धरले आणि घडी करून परत ठेवले. त्या दिवसाचे काम तेवढेच. त्यानंतर गोधडी शिवण्याचा विचार त्यांचाच. खरी अडचण कात्री चालवण्याची होती. टाका उसवता येतो, पण कापलेले लुगडे पुन्हा अखंड होत नाही, आणि मृत्यूनंतर परत न फिरवता येणारी गोष्ट स्वतःच्या हाताने करणे फार जड जाते. म्हणून आम्ही आधी उसवता येईल तेवढेच काम घेतले. जुनी धोतरे आणि विटलेल्या चादरी आतल्या थरासाठी अंथरल्या, कच्चे टाके घातले, काही काढून पुन्हा घातले. बऱ्याच आठवड्यांनी बाईंनी पहिले लुगडे कापले, तेही काठ न कापता. काठ वेगळे काढून ते गोधडीच्या चारी बाजूंना लावायचे, हे त्यांनी ठरवून आणले होते.

धावदोरा घालताना हात एका लयीत जातो. कडेपासून मध्याकडे ओळीमागून ओळ सरकत जाते आणि डोळे खालीच असतात. त्या ओळींमध्ये आई कशी चिडायची, कोणत्या भाजीला काय घालायची, शेवटच्या आजारातला तिचा एक फोन कसा घ्यायचा राहिला, हे सगळे हळूहळू आले. फोनची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी त्या दिवशीची एक पूर्ण ओळ उसवली. मी कारण विचारले नाही. पुढच्या वेळी त्यांनी ती पुन्हा घातली आणि तेव्हा कारणही सांगितले. जगात इतरत्रही स्त्रियांनी याच मार्गाने दुःख वाहिले आहे. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर ज्यांची माणसे बेपत्ता झाली, त्या स्त्रियांनी चर्चच्या आधाराने एकत्र बसून चिंध्यांची चित्रे शिवली. त्यांना तिकडे आर्पियेरा म्हणतात. त्यांतल्या काहींत हरवलेल्या माणसांच्याच कपड्यांचे तुकडे होते. तिथे दुःखाबरोबर साक्षही शिवली जात होती, आणि एकटीने घरात शिवण्यापेक्षा सारखेच दुःख असलेल्या चौघींत बसून शिवण्याचा परिणाम वेगळा होतो, हे मी गटांबरोबर काम करताना स्वतः पाहिले आहे.

'बालवाडीतले खेळ' या आक्षेपाला घरच्यांसाठी उत्तर असे देता येईल. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोगाने आरोग्यधामात पडून असताना चित्रे काढत राहिला, इतर रुग्णांनाही त्याने त्यात ओढले, आणि 'आर्ट थेरपी' हे नाव त्याने १९४२ मध्ये रूढ केले. १९४६ पासून एडवर्ड अ‍ॅडमसन यांनी इंग्लंडमधल्या नेदर्न मनोरुग्णालयात आणि त्याच वर्षी डॉ. नीसे दा सिल्व्हेरा यांनी ब्राझीलमध्ये रुग्णांसाठी चित्रशाळा चालवल्या. विजेचे झटके आणि मेंदूवरच्या शस्त्रक्रिया यांचा तो काळ होता आणि नीसे यांनी ते उपाय करण्यास नकार दिला होता. आपल्याकडे हाताच्या कामातून पुनर्वसन करणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीचे देशातले पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केले. म्हणजे ही कल्पना कालपरवाची नाही आणि ती रुग्णालयांच्या बाहेर जन्मलेलीही नाही.

पुराव्याबाबत मात्र मला स्पष्टच लिहायला हवे, कारण या क्षेत्रात अतिशयोक्ती फार होते. २०१६ मध्ये गिरिजा कैमल यांच्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे माती, रंग किंवा चिकटकामात घालवली आणि त्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक कमी झाले. आधी चित्रकला येत होती की नाही याने फारसा फरक पडला नाही. हे उत्साह देणारे आहे, पण तिथे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि ताण तासभर उतरणे म्हणजे शोकातून सावरणे नव्हे. दुसऱ्या बाजूला २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना गटातल्या आर्ट थेरपीची जोड देऊनही दोन वर्षांनी काही लक्षणीय फायदा दिसला नाही. तिथे उपस्थितीही बरीच कमी होती, आणि माझ्या मते त्यातला बोध हाच की यादीत नाव घालून, मर्जी न विचारता दिलेली माती काही करत नाही. शोक, आघात आणि लहान मुले यांच्या बाबतीत मी हे साधन विश्वासाने वापरते. तीव्र नैराश्य किंवा भ्रम असतील तर औषधांच्या जागी ते कधीही वापरत नाही.

आता मुलाविषयी. काळ्या रंगाचा ठरलेला असा काहीही अर्थ नाही. काळा म्हणजे नैराश्य, लाल म्हणजे राग, झाडाला भोक म्हणजे आघात, अशा याद्या मोबाईलवर फिरतात. त्यांवर विसंबून कोणत्याही मुलाविषयी निष्कर्ष काढू नका. काळा खडू ठळक उमटतो, गाडी, रस्ता, केस आणि बाह्यरेषा यांसाठी तोच सोयीचा असतो, आणि कित्येकदा डब्यातले बाकीचे खडू तुटलेले असतात. आधी डबा पाहा. रंगापेक्षा चित्र काढतानाचा मुलगा पाहा. काढून झाल्यावर तो हलका होऊन खेळायला जातो की आणखी आक्रसतो? एकच अपघात तो रोज जसाच्या तसा काढतो, की त्यात हळूहळू रुग्णवाहिका, डॉक्टर, घर, आई असे काही येऊ लागते? चित्र बदलत असेल तर मन काम करत आहे असे समजा. ते आठवडेन् आठवडे तसेच अडकलेले असेल, शिवाय झोपेत ओरडणे, पुन्हा अंथरूण ओले करणे, शाळेच्या वेळी पोटात दुखणे, आईला क्षणभरही न सोडणे किंवा 'मला बाबांकडे जायचे आहे' असे बोलणे यांपैकी काही दिसत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञाला दाखवण्यात दिरंगाई करू नका.

त्याच्या चित्राकडे पाहून 'हे काय काढलेस?' असे विचारू नका. त्यात उलटतपासणीचा सूर येतो. 'मला या चित्राबद्दल सांगशील?' असे विचारा, आणि नाही म्हणाला तर तिथेच थांबा. 'किती छान' असेही घाईने म्हणू नका, कारण मग तो तुम्हाला छान वाटणारी चित्रे काढू लागेल. विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकाचा एक साधा खेळ घरी करण्यासारखा आहे. तुम्ही कागदावर डोळे मिटून एक वेडीवाकडी रेघ ओढायची, मुलाने तिचे काहीतरी करायचे, मग त्याने रेघ ओढायची आणि तुम्ही तिचे काहीतरी करायचे. यातून अर्थ काढायचा नाही. दोघांनी आळीपाळीने खेळणे एवढेच महत्त्वाचे. बाबा 'देवाघरी' किंवा 'लांब गावाला' गेले असे त्याला सांगितले असेल, तर ते नीट, सोप्या आणि खऱ्या शब्दांत पुन्हा सांगण्याची ही वेळ आहे. सात वर्षांच्या मुलाला मृत्यू म्हणजे परत न येणे हे समजू शकते, आणि न सांगितलेल्या जागा तो स्वतःच्या भीतीने भरतो.

चित्र त्याचे आहे, हेही घरात सगळ्यांनी पाळायला हवे. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकर्ती नाझींच्या तेरेझीन वस्तीत कोंडलेल्या मुलांना चित्रकला शिकवत असे. मुलांनी चित्रावर आपले नाव लिहावे असा तिचा आग्रह असे, आणि १९४४ मध्ये आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेण्यापूर्वी तिने सुमारे ४,५०० चित्रे दोन सुटकेसमध्ये लपवून ठेवली. ती स्वतः परतली नाही, त्या मुलांपैकीही बहुतेक जण परतले नाहीत. चित्रे आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. मुलाच्या चित्राला नाव, तारीख आणि ठेवायला एक फाइल द्या. पाहुण्यांना ते दाखवू नका आणि 'बघा कसे काढले बिचाऱ्याने' म्हणत कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. बहिणीच्या मातीच्या वस्तूंनाही हाच नियम लागू आहे.

धोक्याच्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत. पहिल्या भेटीतच 'अपघाताचे चित्र काढा' असे सांगणारा उपचारक मला अननुभवी वाटतो. तयारी नसताना ते दृश्य कागदावर उतरवले तर माणूस त्यात पुन्हा सापडतो आणि घरी जाऊन रात्रभर तडफडतो. जिच्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार आहेत तिच्या हाती कात्री, कटर किंवा सुया नजरेआड देऊ नयेत. प्रत्येक सत्राच्या अखेरीस हात धुणे, वस्तू जागेवर ठेवणे आणि 'आता इथून कुठे जाणार, सोबत कोण आहे' एवढे बोलणे व्हायला हवे. आपल्याकडे दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून कोणीही आर्ट थेरपिस्ट म्हणून पाटी लावू शकतो. त्यामुळे तिथल्या ताईंना त्यांचे शिक्षण विचारण्यात संकोच करू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते. त्या कोणत्या वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली काम करतात आणि गरज पडल्यास कोणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात, हेही विचारा. चांगला उपचारक या प्रश्नांनी दुखावत नाही.

दीड वर्ष झाले आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात सहा महिन्यांनंतर आणि डीएसएम या मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या २०२२ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी बारा महिन्यांनंतरही रोजचे जगणे अडवून धरणारा, तीव्र ओढीचा शोक हा वेगळा विकार म्हणून नोंदवला आहे. दीड वर्षाने रडू येणे हा आजार नाही. परंतु ती जेवत-झोपत नसेल, मुलाकडे पाहू शकत नसेल, आपणही त्यांच्याबरोबर गेलो असतो तर बरे झाले असते असे वारंवार म्हणत असेल, तर मातीकाम चालू ठेवून मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी करून घ्या. मन फारच घायकुतीला आले तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक कोणत्याही वेळी लागतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

घरी तुम्ही उपचारक होऊ नका. शेजारी बसणारी बहीण व्हा. मेथी निवडायला घ्या, शेंगा सोला, तिच्याही पुढे थोड्या सरकवा आणि काही विचारू नका. ती उठून गेली तर हाक मारू नका.

कपड्यांचा निर्णय फक्त तिचा आहे, आणि त्याला मुदत नाही. सासरच्या मंडळींना ते देऊन टाकावेसे वाटणे हेही त्यांच्या दुःखातूनच आलेले असते, त्यामुळे त्यांच्याशी भांडू नका. पण तिच्या अपरोक्ष कपाट रिकामे होऊ देऊ नका. ते एकदा झाले की भरून काढता येत नाही. तिची तयारी दिसली तर तीन ढीग सुचवा: ठेवायचे, द्यायचे आणि अजून ठरवायचे नाही. तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला तरी चालेल. अपघाताच्या दिवशीचे कपडे पोलिसांकडून परत आले असतील तर ते मात्र या ढिगांत मिसळू नका. ते बांधून वेगळे ठेवा आणि त्यांच्याविषयी आधी समुपदेशकांशी बोला. ठेवायच्या कपड्यांतले न धुतलेले एखादे असेल तर ते धुऊ नका, कारण वास एकदाच जातो. मुलालाही एक शर्ट निवडू द्या आणि तो त्याने उशाशी घेतला, अंगात घातला किंवा विसरून गेला तरी त्यावर काही बोलू नका. शिवायचे, कापायचे की तसेच ठेवायचे, याची चर्चा तिने काढली तरच करा, आणि पहिली कात्री चालवायची वेळ आलीच तर ती तिच्याच हातात असू द्या.